बॅले शिकणाऱ्या मुलांचं दुखणं: कधी थांबायचं, कुणाला दाखवायचं, परत कसं सुरू करायचं

बॅलेमधली दुखापत म्हटलं की उडी चुकून पडणं डोळ्यांसमोर येतं. शिकाऊ मुलांच्या बहुतेक दुखापती मात्र पडून होत नाहीत, एकाच जागी ताण साचत गेल्याने होतात. पूर्णवेळ प्रशिक्षण घेणाऱ्या २६६ बॅले विद्यार्थ्यांवर वर्षभर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चारपैकी सुमारे तिघांना वर्षभरात किमान एक दुखापत झाली. एकूण दुखापतींपैकी सुमारे ७२ टक्के अतिवापराच्या होत्या आणि सर्वांत जास्त त्रास घोट्याला झाला होता.

मुंबई-पुण्यात आठवड्यातून दोन-तीनदा क्लासला जाणाऱ्या मुलीला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. दुखापतींचे प्रकार मात्र तेच असतात. साचून होणारी दुखापत आधी काही आठवडे खुणा देत असते आणि त्या घरच्या घरी ओळखता येतात. पुढच्या पायऱ्या साधारण ८ ते १८ वयाच्या मुलामुलींच्या पालकांसाठी आहेत.

१. तासांची वही सुरू करा

फक्त बॅलेचे तास लिहून भागत नाही. भरतनाट्यम किंवा कथक, शाळेच्या गॅदरिंगची तालीम, पी.टी., बास्केटबॉल हे सगळं त्याच दोन पायांवर पडतं. भरतनाट्यमच्या अरमंडीत आणि बॅलेच्या प्लिएमध्ये गुडघे बाहेर वळवूनच वाकतात, वर अडवूत (भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासात) पाय आपटणं वेगळंच. दोन्हीकडच्या शिक्षकांना एकमेकांच्या तासांची कल्पना नसते. तो हिशेब तुम्हालाच ठेवावा लागतो.

लहान खेळाडूंसाठी एक सोपा नियम वापरला जातो: आठवड्याचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा असावा. म्हणजे ११ वर्षांच्या मुलीला ११ तास पुरेसे झाले. पूर्णवेळ शाळांमध्ये हा आकडा ओलांडला जातो, पण तिथे फिजिओथेरपिस्ट आवारातच असतो.

तासांची संख्या जितकी त्रास देते, त्याहून जास्त त्रास अचानक झालेली वाढ देते. तीन जागी हे हमखास घडतं: मे महिन्यातली पाच-सहा दिवसांची कार्यशाळा, दहावीची परीक्षा संपल्यावर थेट पूर्ण क्लास, आणि शोच्या आधीचे दोन आठवडे. तीन महिने खंड पडला असेल तर पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मंच करा आणि पूर्ण वेळेवर यायला चार ते सहा आठवडे घ्या.

जमीनही बघून ठेवा. क्लासला खाली लाकडी चौकटीवर उचललेली, दाबल्यावर किंचित दबणारी स्प्रंग फ्लोअर हवी. टाइल्सवर चिकटवलेला विनाइलचा पातळ थर पाय घसरू देत नाही, पण धक्का अजिबात शोषत नाही. अशा हॉलमध्ये बारचा (भिंतीलगतचा दांडा धरून केलेला) सराव चालेल, उड्या मोजक्या हव्यात. घरच्या टाइल्सवर तर उडी नकोच.

२. दर महिन्याला उंची मोजा

एक तारीख ठरवा, तीच भिंत, पाय अनवाणी. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. सलग दोन-तीन महिने पाऊण सेंटीमीटरच्या आसपास वाढ दिसली की हा काळ सुरू झाला असं धरा.

या काळात हाडं आधी लांबतात आणि स्नायू मागून येतात. काल जमणारा स्प्लिट आज जमत नाही, पिरुएटमध्ये (एका पायावरच्या गिरकीत) तोल जातो, पाय उंच जात नाही. आळस म्हणून ओरडा पडतो, आणि मूल ताणायचे व्यायाम दुप्पट करतं. सापळा इथेच आहे. वाढत्या वयात टेंडन (स्नायूचं दोरीसारखं टोक) जिथे हाडाला जोडलेलं असतं तिथला भाग अजून पक्का झालेला नसतो. ताणाचा व्यायाम वाढवला की ओढ बसते ती तिथेच.

या महिन्यांत उड्यांची संख्या कमी करा आणि तोल व ताकदीचे व्यायाम ठेवा. स्प्लिटमध्ये बसलेल्या मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर कुणी वजन टाकत असेल तर स्पष्ट नाही म्हणा, मग ते शिक्षक असोत. ताणताना नितंबाच्या खाली किंवा खुब्याच्या पुढे ‘टक्’ असा आवाज होऊन लगेच चालता येईनासं झालं, तर स्नायूने हाडाचा तुकडा ओढून काढलेला असू शकतो. त्याच दिवशी एक्स-रे काढा.

३. टर्नआउट खरा किती आहे ते तपासा

पाय बाहेर वळवण्याची ही क्रिया मुख्यतः खुब्यातून व्हायला हवी. ती किती होईल हे बऱ्याच अंशी मांडीच्या हाडाचा वरचा भाग कोणत्या कोनात आहे आणि खुब्याची वाटी किती खोल आहे यावर ठरतं. ताणून हाड बदलत नाही. बेडकासारखं पालथं झोपवून वर कुणी दाब देणं हा प्रकार अजूनही काही ठिकाणी चालतो. त्याने खुब्याच्या पुढच्या भागाचं नुकसान होतं, टर्नआउट मिळत नाही.

घरची चाचणी: गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभं राहायचं, गुडघे सरळ, टाचा एकत्र. गुडघे न वाकवता पाय खुब्यातून बाहेर वळवायचे. मोजे घसरत असल्याने जमिनीला धरून ठेवता येत नाही, आणि जो कोन मिळतो तो बऱ्यापैकी खरा असतो. क्लासमधला कोन याहून बराच जास्त असेल, तर उरलेला भाग गुडघा, नडगी आणि पाऊल पिळून आणलेला आहे.

हा पीळ असा ओळखा: पावलाची कमान आत कोसळते आणि वजन अंगठ्याकडे जातं. गुडघ्याची वाटी समोर आणि बोटं मात्र बाजूला असतात. कंबरेत खोलगट बाक पडतो. आधी गुडघे वाकवून पाय सपाट रेषेत रोवायचे आणि मग गुडघे सरळ करायचे, ही सर्वांत वाईट सवय. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं दुखणं, नडगीचं दुखणं आणि अंगठ्याच्या मुळाशी येणारं टेंगूळ यांमागे पुष्कळदा हीच सवय असते. गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहील एवढाच टर्नआउट वापरायचा. परीक्षेत गुण जातील ही भीती सोडा. चांगल्या परीक्षकाला पिळलेला पाय लगेच दिसतो.

४. दुखणं एका बोटाने दाखवायला सांगा

‘पाय दुखतोय’ यावरून काहीच कळत नाही. एका बोटाने नेमकी जागा दाखवायला सांगा आणि कोणत्या हालचालीला दुखतं ते विचारा. निम्मं निदान तिथेच होतं.

*टाचेचा मागचा भाग, वय ८ ते १३.* टाच दोन्ही बाजूंनी दाबली की कळ येते, उड्यांनंतर मूल चवड्यावर लंगडतं. टाचेच्या वाढत्या हाडावर ओढ बसते, त्याला सिव्हर्स म्हणतात. धोकादायक नाही. उड्या कमी करा, शाळेच्या बुटात टाचेखाली मऊ पॅड घाला. अनवाणी आणि सपाट चपलांवर धावणं काही आठवडे टाळा.

*घोट्याच्या मागे, टाचेच्या वर खोल.* रेलव्हे करताना (टाचा उचलून चवड्यावर येताना) किंवा पॉइंटवर (बोटांच्या टोकावर) जाताना दुखतं, प्लिएमध्ये फारसं नाही. घोट्याच्या मागे दोन हाडांमध्ये ऊती चिमटली जाते. काही जणांना तिथे एक सुटं छोटं हाड असतं, ऑस ट्रायगोनम, त्यांना हे जास्त होतं. अनेकदा याला ‘अकिलिस’ (पोटरी टाचेला जोडणाऱ्या टेंडनचं दुखणं) म्हटलं जातं आणि मग चुकीचे व्यायाम दिले जातात. फरक सोपा आहे: अकिलिस टेंडनचं दुखणं असेल तर ते टेंडन चिमटीत धरल्यावर दुखतं. चिमटीत न दुखता पाऊल पूर्ण ताणल्यावर आत दुखत असेल तर मागची चिमट समजा.

*घोट्याच्या आतल्या बाजूला, मागे.* अंगठा वाकवताना कुरकुर होते, कधी अंगठा अडकून सुटतो. अंगठा वाकवणारं लांब टेंडन सुजलेलं असतं. पॉइंटवर बोटं आवळून धरण्याची सवय हे एक नेहमीचं कारण.

*पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत मागे.* इथे जास्त सावध राहा. दुसऱ्या मेटाटार्सल हाडाच्या (बोटामागच्या लांब हाडाच्या) मुळाशी येणारी बारीक भेग ही बॅलेची ओळखीची दुखापत आहे. सुरुवातीला फक्त क्लासनंतर दुखतं, मग क्लासमध्ये, मग चालतानाही. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, आणि ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून मूल परत उड्या मारू लागतं. हाडावर एका बिंदूवर दाबून कळ येत असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, उड्या आणि पॉइंट बंद ठेवून डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

*नडगी.* आतल्या कडेने वीतभर पसरलेलं दुखणं आणि गरम झाल्यावर कमी होणारं, हे बहुधा शिन स्प्लिंट्स. तास आणि उड्या कमी केल्या, टर्नआउट सुधारला की बसतं. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दुखणारं, रात्री ठणकणारं, एका पायावर उडी मारताच कळ देणारं दुखणं वेगळं. तो हाडाच्या भेगेचा संशय. नडगीच्या अगदी पुढच्या कडेची भेग सावकाश भरते, तिला घरगुती उपचार नाहीत.

*गुडघा.* वाटीखालचा उंचवटा सुजून दुखत असेल तर ऑसगुड-श्लाटर, वाढीच्या वयातला. वाटीभोवती दुखतं आणि जिने उतरताना जास्त, तर उडीवरून खाली येताना गुडघा आत जातो का ते समोरून व्हिडिओ काढून पाहा.

*खुबा.* पाय वर नेताना नुसता ‘कट्’ आवाज येतो, दुखत नाही: सोडून द्या, मुद्दाम आवाज काढत बसू नका. जांघेत खोल कळ आणि अडकल्यासारखं वाटतं: दाखवा.

*कंबर.* आराबेस्क (एक पाय मागे उचलून ताणणं) करताना किंवा मागे वाकताना एका बाजूला दुखतं, आणि एका पायावर उभं राहून मागे वाकलं की त्याच जागी कळ येते. मणक्याच्या मागच्या भागाला भेग पडत असण्याची शक्यता असते, बहुतेक वेळा सर्वांत खालच्या मणक्याला. मोठ्या माणसाची कंबर दुखली तर काही दिवस वाट पाहता येते. वाढत्या वयातल्या नर्तकाची कंबर दोन-तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. ‘पाठ मोकळी करायला’ मागे वाकण्याचे व्यायाम देणं हा नेमका उलटा उपाय. जोडीदाराला उचलायला शिकणाऱ्या मुलांमध्येही हे दिसतं.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, सुन्नपणा किंवा पायातली ताकद जाणं यांचा संबंध नाचाशी लावत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

५. घोटा मुरगळला तर पहिले तीन दिवस

पहिला प्रश्न: हाड मोडलंय का? पुढीलपैकी काहीही असेल तर एक्स-रे हवा: मुरगळल्या क्षणी आणि नंतरही चार पावलं टाकता येत नाहीत; घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटीमीटरमध्ये दाबून दुखतं; करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर हाडाचा उंचवटा दुखतो; किंवा कमानीच्या वरचं आतलं हाड दुखतं. चवड्यावरून पाय बाहेर कलंडला असेल तर करंगळीचं लांब हाड पूर्ण लांबीभर दाबून बघा. तिथलं तिरकं फ्रॅक्चर नर्तकांमध्ये वारंवार होतं आणि ‘लचकलंय’ म्हणून सुटतं.

फ्रॅक्चर नसेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत न्या, बोटं निळी पडली तर सैल करा. पाय उशीवर, छातीच्या पातळीहून वर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून झेपेल तेवढं वजन टाकायला आणि घोटा हलवायला सुरुवात करा. महिनाभर पूर्ण झोपून राहिल्याने घोटा कमजोर होतो.

आंबेहळदीचा लेप लावला तर नुकसान नाही, चोळला तर आहे. पहिले तीन दिवस गरम तेलाचं मालिश, शेक आणि हाडवैद्याकडून ‘पाय बसवून घेणं’ हे तिन्ही टाळा. फ्रॅक्चर असलेला घोटा ओढला गेला तर सरकतो, आणि वाढीचा भाग दुखावला तर पुढे हाड वाकडं वाढू शकतं.

वेदनाशामक गोळी रात्री झोपेसाठी द्यायची असेल तर डॉक्टरांना वजन सांगून मात्रा विचारा. क्लासच्या आधी गोळी देऊन नाचायला पाठवू नका.

६. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

हाडांच्या डॉक्टरांनी बॅले पाहिलेलं असेलच असं नाही. माहिती नीट मांडली नाही तर ‘नाच बंद करा’ एवढंच ऐकून परत यावं लागतं. सोबत हे ठेवा:

- तासांची वही, निदान मागच्या आठ आठवड्यांची, आणि उंचीच्या नोंदी
- ज्या हालचालीला दुखतं तिचा समोरून आणि बाजूने काढलेला २० सेकंदांचा व्हिडिओ
- नेहमीचे बॅले शूज, पॉइंट शूज असतील तर तेही, नवे नव्हे तर वापरातले
- आधीचे एक्स-रे आणि एमआरआय, रिपोर्टबरोबर फिल्म किंवा सीडीही
- मुलींसाठी पाळीच्या तारखा
- चालू औषधं, आणि आधी कधी हाड मोडलं असेल तर ते

विचारायचे प्रश्न तीनच: निदान काय, नेमकं काय बंद करायचं आणि काय चालू ठेवता येईल, परत कधी तपासायचं. ‘तीन आठवडे आराम’ एवढंच उत्तर मिळालं तर फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या. आरामाने दुखणं थांबतं, पण ज्या कमजोरीमुळे ते झालं ती तशीच राहते. फिजिओथेरपिस्ट निवडताना खेळाडूंबरोबर काम केलेलं आहे का ते विचारा. ते पहिल्याच दिवशी मुलाला उभं करून प्लिए आणि रेलव्हे बघतील. न बघता थेट मशीन लावली तर दुसरीकडे जा.

७. पॉइंट शूजची घाई

‘बारा वर्षं झाली, आता द्या’ हा निकष नव्हे. साधारण ११-१२ वय आणि तीन-चार वर्षांचा नियमित सराव ही किमान अट, त्यानंतर चाचण्या. बसून पाऊल ताणल्यावर पावलाची वरची बाजू आणि नडगी सरळ रेषेत यायला हवी. एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, २० ते २५ वेळा टाच पूर्ण उचलता यावी. एका पायावर उभं राहून धड आणि मागचा पाय जमिनीला समांतर ठेवून पाच प्लिए करायचे, त्यांतले चार तरी गुडघा आत न जाता झाले पाहिजेत. एका पायावर सलग १६ उड्यांपैकी निदान आठ नीट व्हाव्यात: धड सरळ, हवेत पाऊल ताणलेलं, उतरताना चवड्यावरून टाच. यांत कमी पडलं तर सहा महिने थांबा.

खरेदीत आपली एक जुनी सवय आड येते: वाढत्या पायाला एक नंबर मोठा घेणं. शाळेच्या बुटात ते चालतं, इथे नाही. शू सैल असेल तर पाऊल पेटीत (शूच्या पुढच्या कडक भागात) खाली घसरतं आणि सगळं वजन अंगठ्याच्या नखावर येतं. प्लिएमध्ये बोटं शेवटाला जेमतेम टेकली पाहिजेत, पण वाकता कामा नयेत, आणि पॉइंटवर गेल्यावर टाचेशी कापडाची चिमूट धरता यावी. पहिली जोडी ऑनलाइन मागवू नका, शिक्षकांसमोर पायात घालून ठरवा.

नेहमीच्या पॉइंट शूची पेटी कापड आणि गोंदाच्या थरांची असते आणि घामाने मऊ पडते. वापरानंतर सुकायला किमान एक पूर्ण दिवस द्या. मुंबईच्या जुलैत एक दिवस पुरत नाही. पंख्याखाली उघडे ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या घाला, बंद पिशवीत कधीच नको. शक्य असेल तर दोन जोड्या आलटून-पालटून वापरा. पेटीची टोकं दाबून मऊ लागली किंवा तळ पिळला जाऊ लागला की जोडी बाद. महाग आहे म्हणून शोपर्यंत ओढू नका.

८. खाणं आणि पाळी

हाडाला भेग पडण्याचं कारण पुष्कळदा ताटात असतं. कमी खाऊन जास्त नाचणाऱ्या शरीरात ऊर्जा उरत नाही, मग पाळी लांबते आणि हाडं पातळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस हे नाव दिलं. मुलग्यांनाही ती होते, फक्त पाळीची खूण नसल्याने उशिरा कळते. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नसेल, तर ‘नाचणाऱ्या मुलींचं असंच असतं’ हे उत्तर स्वीकारू नका.

संध्याकाळच्या क्लासआधी तासभर केळं, राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की. नंतर तासाभरात उसळ-पोळी, अंडी किंवा पनीर. नाचणी, तीळ, दूध, दही रोजच्यात हवं. तालमीच्या दिवशी उपवास नको. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. ड जीवनसत्त्व रक्ततपासणीत कमी निघालं तर साठ हजार युनिटची आठवड्याची पावडर डॉक्टरांनी सांगितली तेवढेच आठवडे द्या. वजनावरून टोमणे मारणारा क्लास असेल तर क्लास बदला.

९. परत क्लासला जाताना क्रम

तारीख बघून नव्हे, पायऱ्या बघून परतायचं. प्रत्येक पायरी निदान दोन-तीन क्लास टिकली पाहिजे:

1. न लंगडता चालणं, जिने चढणं-उतरणं
2. जमिनीवर झोपून केलेला बारचा सराव
3. उभं राहून बार, पाऊल सपाट, टर्नआउट कमी
4. दोन पायांवर रेलव्हे, मग एका पायावर. दुखऱ्या पायाच्या टाच उचलण्यांची संख्या चांगल्या पायाइतकी
5. सेंटर (बार सोडून हॉलच्या मध्ये केलेला सराव), वळणं
6. दोन पायांवरच्या छोट्या उड्या, मग एका पायावरच्या
7. मोठ्या उड्या
8. पॉइंट: आधी बार धरून १० मिनिटं, मग हळूहळू सेंटरमध्ये

दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही तर एक पायरी खाली. हलकी लचक एक ते तीन आठवड्यांत मार्गी लागते. मेटाटार्सलच्या भेगेला उड्यांपासून साधारण सहा ते आठ आठवडे लांब राहावं लागतं, आणि त्यानंतर वरच्या पायऱ्यांचा वेळ वेगळा. घोट्यासाठी रोजचा एक व्यायाम पुढेही सोडू नका: एका पायावर, डोळे मिटून, ३० सेकंद. दात घासताना उघड्या डोळ्यांनी केला तरी चालेल.

शिक्षकांना पायरीचा आकडा क्लासआधी मेसेजने कळवा. मूल स्वतः सांगेल यावर विसंबू नका. शोच्या आठवड्यात सगळ्यांचं दुखणं अचानक बरं झालेलं असतं.